जुडग्यातली दुसरी किल्ली

कोथरूड, १२ जून २०२४

प्रिय ज्ञानदेव,

पाकीट बघून दचकू नकोस, मी जिवंत आहे. पोस्टातल्या मुलीने ते उलटसुलट करून विचारलं, "आजोबा, पुण्यातल्या पुण्यात पत्र?" मी म्हटलं, "हो. मी बहिरा, आणि खडकीत राहणाऱ्या मित्राचे गुडघे बदललेले. दोघांच्या मधे आता तुम्हीच." तिने तिकीट दिलं.

तुला एक विचारायचं आहे. समोर बसून विचारलं असतं तर तू माझ्या पाठीवर हात ठेवला असतास. मला हात नको, उत्तर हवंय.

वासंती गेली त्याला आता सात महिने होतील. तेराव्याला तू आला होतास, पण ती गेली त्या दिवशी काय घडलं ते मी कुणालाच धड सांगितलेलं नाही. नोव्हेंबरातला तो रविवार क्रिकेटच्या फायनलचा होता. अख्खं पुणं टीव्हीपुढे बसलेलं. साडेतीनला वासंतीने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, छातीत काहीतरी होतंय." मी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी नुसता पत्ता ओरडत राहिलो. शेजारचे गावाला गेलेले. शेवटी तिला घेऊन लिफ्टने खाली उतरलो आणि गाडीत बसलो.

किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. सात-आठ वेळा तरी झालं असेल. समोरच्या काट्यांखाली किल्लीचं चित्र असलेला एक लाल दिवा लुकलुकत होता. वॉचमन रिक्षा शोधायला धावला. स्टँडवरचे सगळे रिक्षावाले एका दुकानातल्या टीव्हीपुढे उभे होते. रिक्षा यायला वीस मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतंत तर…" भला माणूस होता, वाक्य पुरं केलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोपट मेकॅनिक आला. त्याने तोच जुडगा घेतला, तीच किल्ली फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. म्हणाला, "काका, टेन्शनमध्ये अर्धीच फिरवली असेल तुम्ही." तेराव्याच्या दुपारी सलिल खाली जाऊन गाडीत बसला. वर आला आणि म्हणाला, "बाबा, गाडी तर सुरू होते." एवढंच. दोन दिवसांनी हैदराबादला गेला तो अजून आलेला नाही. दर रविवारी मेसेज येतो, "जेवलात का? गोळ्या घेतल्या का?" मी "हो" लिहितो. आमचं आता इतकंच बोलणं आहे.

तू चाळीस वर्षं यंत्रं उघडलीस. मला सांग, वासंती माझ्या हाताने गेली का? खोटा धीर देऊ नकोस. तो द्यायला सोसायटीत पुष्कळ रिकामे लोक आहेत.

तुझा
गोपाळ


खडकी, २१ जून २०२४

प्रिय गोपाळ,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पूर्वाने विचारलं, "आजोबा, रडताय का?" मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला.

आधी उत्तर देतो. तुझा हात चुकला नाही. अर्धी किल्ली फिरवून इंजिन दोन सेकंदसुद्धा चालत नाही, हे त्या पोपटाला कळायला हवं होतं.

आता झालं काय, ते ऐक. फॅक्टरीच्या फाटकावर हजेरीचं यंत्र बसवलं तेव्हा ते माझ्याच गळ्यात पडलं होतं. त्याचं एक कार्ड मी कापून पाहिलं. आत बॅटरी नाही, काही नाही. केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आणि तिळाएवढी चिप. तुझ्या किल्लीच्या काळ्या डोक्यात तसंच आहे. किल्ली घालतोस त्या भोकाभोवती गाडीचंही एक मोठं वेटोळं असतं. किल्ली फिरवली की त्यात सेकंदाला सव्वा लाख वेळा वीज इकडून तिकडे होते. त्याने भोवतीचं चुंबकत्व कमीजास्त होतं आणि त्यावर किल्लीतल्या तारेत जराशी वीज उपजते. तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. नंबर ओळखीचा निघाला तर गाडी चालते, नाही तर दोन सेकंदांत बंद. चोरापासून राखण म्हणून केलंय ते.

गंमत म्हणजे किल्लीला स्वतःचा आवाजच नाही. नंबराप्रमाणे ती क्षणभर जास्त वीज ओढते, क्षणभर कमी, आणि ती ओढ गाडीच्या वेटोळ्याला जाणवते. नारायण पेठेतल्या आपल्या खानावळीत वाढपी आठवतो ना? तोंडाने कोणी मागायचं नाही, पातेलं किती भराभर उतरतंय त्यावरून तो ओळखायचा आज कोण जेवायला आहे. तसंच. गाडीच खाऊ घालते आणि गाडीच ऐकते. चार बोटांच्या पलीकडे मात्र काही पोचत नाही.

तुझी गाडी पंधरा वर्षांची. ते वेटोळं सैल झालं असणार. त्या दिवशी जोड तुटला, तिसऱ्या दिवशी धक्क्याने जुळला. यात कोणाचा दोष नाही. गाडी विकून टाक आणि हे डोक्यातून काढ.

वहिनींच्या हातची पुरणपोळी खाऊन मी या शहरात तगलो. मी तुला खोटं सांगेन का?

तुझा
ज्ञानदेव


कोथरूड, ५ जुलै २०२४

ज्ञानदेव,

सांगशील. सांगितलंस.

तू विसरलास की मी छत्तीस वर्षं मास्तर होतो आणि पुस्तक हातात आलं की शेवटच्या पानापर्यंत वाचतो. गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक काल काढलं. सत्तेचाळिसाव्या पानावर चौकटीत लिहिलंय: अशी दुसरी किल्ली जवळ असेल तर गाडी सुरू होणार नाही. दोन्ही किल्ल्या एका कडीत ठेवू नका. तू चिपचं वजनसुद्धा सांगितलं असतंस, पण नेमका या वाक्याच्या एक पायरी अलीकडे थांबलास. तुला हे माहीत नव्हतं असं मी मानू?

त्या रविवारी जुडग्यात गाडीच्या दोन किल्ल्या होत्या. मला स्वच्छ आठवतंय. हाताला जड लागला होता.

दुसरी कुठून आली तेही ठाऊक आहे. ती मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवत असे. गेल्या गणपतीत सलिल आला होता, तेव्हा मी घरातली किल्ली हरवून तासभर सगळ्यांना कामाला लावलं. तो माझ्यावर चिडला. "बाबा, रविवारी काही झालं तर बँक उघडी असते का?" दुसऱ्या दिवशी त्याने आईला घेऊन ती लॉकरमधून आणवली. बापाला पुन्हा शोधायला लागू नये म्हणून जुडग्यात घातली असणार. तेराव्यानंतर तो गेला तेव्हा जुडग्यात गाडीची एकच किल्ली उरली होती. मला न सांगता त्याने आपली किल्ली काढून नेली. म्हणजे त्याला कळलं आहे. म्हणूनच तो घरी येत नाही.

आता तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ लागला. तू त्याला वाचवत होतास. उपकार झाले. आता शेवटपर्यंत वाचव. मला हे कळलंय असं त्याला कधीही कळता कामा नये. आईच्या मरणाला आपण कारण झालो हे ओझं घेऊन पोराने चाळीस वर्षं काढायची, हे मला बघवणार नाही. मी कालच त्याला लिहिलंय की किल्ली फिरवताना माझा हात थरथरला, ती अर्धीच फिरली, ज्ञानदेवकाकांनीही तेच सांगितलं. माझे किती दिवस राहिलेत? माझ्या नावावर असू दे.

तुझ्या मुलांची शपथ आहे तुला.

गोपाळ


हैदराबाद, २८ जुलै २०२४

प्रिय ज्ञानदेवकाका,

तुम्हाला आलेले मेसेज पूर्वा वाचून दाखवते, म्हणून पुन्हा पत्रच लिहितोय.

बाबांचं पत्र आलं. त्यांचा हात थरथरला म्हणे, किल्ली अर्धीच फिरली म्हणे. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून ते वाचलं आणि वर मीटिंगला जाऊ शकलो नाही. थँक गॉड त्यांना खरं कळलेलं नाही. पण तुम्ही त्यांना हात थरथरल्याचं का सांगितलंत? वेटोळं खराब झालं, एवढंच सांगायचं ठरलं होतं ना आपलं?

काका, मला एकाच गोष्टीची लाज वाटते. तेराव्याच्या दुपारी गाडी सुरू झाली तेव्हा मी वर जाऊन त्यांना टोचून बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी सुरू होईना. दिवा ब्लिंक व्हायला लागला तेव्हा बघितलं, दुसरी किल्ली लोंबकळत लॉकजवळ येत होती. ती बाजूला धरली की गाडी चालू, जवळ आली की बंद. तासभर करून पाहिलं. मग डिसेंबरात तुम्हाला विचारलं आणि तुम्ही शिक्कामोर्तब केलंत.

ती किल्ली मी लॉकरमधून आणली होती हे खरं. पण मी ती आईच्या कपाटात आतल्या खिळ्याला एकटी अडकवली होती, साड्यांच्या बाजूला. मी स्वतः तिला दाखवली. जुडग्यात घातली बाबांनी. "प्रत्येक वस्तूला एक जागा आणि त्या जागेवर ती वस्तू", लहानपणापासून ऐकत आलोय. एकदा कपाटात दिसली असेल, शिस्तीत नेऊन जुडग्यात घातली असेल आणि विसरूनही गेले असतील. त्यांच्या हे लक्षात आलं तर ते एक दिवस जगणार नाहीत. म्हणून मी ती काढून आणली. इथे माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, रोज दिसते.

काका, मी पुण्याला येऊ शकत नाही. त्यांच्यासमोर बसलो की माझ्या तोंडून निघेल. मी त्यांच्यावर चिडलेलो नाही. खरं सांगू? कधी कधी चिडतो. मग स्वतःचाच राग येतो. वर्षश्राद्धालाही येणार नाही, प्रोजेक्टचं कारण सांगेन. तुम्ही माझ्या जागी बसा. आणि त्यांना काही सांगू नका, प्लीज.

तुमचा
सलिल


खडकी, २० ऑगस्ट २०२४

गोपाळ आणि सलिल, दोघांना,

हे पत्र मी दोनदा लिहून काढलंय. एक कोथरूडला जाईल, एक हैदराबादला. सोबत एकमेकांची पत्रंही घालतो आहे. मी दोघांनाही शब्द दिला होता. दोन्ही शब्द मोडतो. मुलांची शपथ घातली होतीस गोपाळ, ती माझी मी बघून घेईन.

तीन आठवडे ही पत्रं उशीखाली होती. मला झोप नाही. तुम्ही दोघं एकाच घरातले, एकाच माणसासाठी रडता आणि एकमेकांचं तोंड बघत नाही. हे वहिनींनी पाहिलं असतं तर आधी मला झोडपलं असतं.

डिसेंबरात सलिलने विचारलं तेव्हा मी त्याला खरं सांगितलं होतं. फाटकावर माणसं घाईत दोन कार्डं एकत्र धरायची. दोन्ही चिपा एकदम जाग्या व्हायच्या, दोन्ही आपापला नंबर एकदम सांगायच्या, यंत्राला एकही कळायचा नाही आणि तांबडा दिवा लागायचा. दोन्ही कार्डं खरी असायची तरीही. त्या रविवारी गाडीत तेच झालं. गोपाळ, तुझ्यापासून मी हे लपवलं. चूक केली. हात थरथरल्याचं मात्र मी बोललो नव्हतो सलिल, ते तुझ्या बापाने स्वतःच्या मनाने घातलं.

आता नीट वाचा. गोपाळ, तुला वाटतं किल्ली सलिलने जुडग्यात घातली. त्याने घातली नाही. कपाटातल्या खिळ्याला लावून तो गेला. सलिल, तुला वाटतं ती बाबांनी घातली. त्यांनी घातली नाही. ती किल्ली जुडग्यात का आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते तुझ्यावर आले. मग घरात उरलं कोण?

मला हे लिहायचं नव्हतं. मेलेल्या माणसावर काही ढकलू नये, आमच्याकडे तर मुळीच नाही. पण मी ढकलत नाहीये. त्या बाईने जे केलं ते घरासाठी केलं असणार, कसं आणि कशाला ते तुम्हालाच आठवेल. मला एवढंच दिसतंय की तुम्ही दोघं एकमेकांना ज्या गुन्ह्याची माफी देऊन बसला आहात, तो दोघांनीही केलेला नाही.

मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या. पण आधी एकमेकांशी बोला.

ज्ञानदेव


कोथरूड, ३१ ऑगस्ट २०२४

चि. सलिल यास, बाबांचे आशीर्वाद.

ज्ञानदेवचं पत्र तुलाही मिळालं असेल. मी तुझ्यावर संशय घेतला आणि वर त्याला माया समजून बसलो. मला माफ कर. तू माझ्यावर घेतलास, त्याची फिटंफाट झाली असं म्हटलं असतं, पण आज थट्टा जमत नाही.

ज्ञानदेवचा हिशेब बरोबर आहे. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत गाडी बिनतक्रार चालली होती. म्हणजे तेव्हा जुडग्यात गाडीची एकच किल्ली होती.

बाकीचं मी सांगतो, कारण ते आता फक्त मलाच माहीत आहे. भाऊबीजेला तुझी आई नारायण पेठेत मामाकडे जायला निघाली होती. हिरवी साडी नेसून, ताम्हणाची पिशवी मांडीवर घेऊन पाऊण तास सोफ्यावर बसून राहिली, कारण मला किल्ली सापडत नव्हती. मी तिच्यावर आवाज चढवला. म्हटलं, "या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही." किल्ली माझ्याच पँटच्या खिशात होती. सापडल्यावर मी साधं चुकलंसुद्धा म्हटलं नाही. पेठेत पोचलो तेव्हा मामा जेवून झोपले होते.

त्या संध्याकाळी ती दाराशी स्टुलावर बसून जुडग्यात काहीतरी अडकवत होती. मी विचारलं. म्हणाली, "जुडगा मोठा करते. आता तो तुमच्या खिशात मावायचाच नाही. खुंटीलाच राहील." मी पेपर वाचत होतो. "हं" म्हटलं आणि विसरलो. त्यानंतर रविवारपर्यंत गाडी बाहेर काढली नाही.

म्हणजे माझ्या ओरडण्याने तिने ते केलं. हे ओझं उचलायची हौस म्हणून लिहीत नाही, तसं वाटलं तर ज्ञानदेव पुन्हा पत्र लिहील. घडलं ते तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो. आता ते कुणाच्याच माथी मारता येत नाही, आणि मला वाटलं होतं की तसं झालं की हलकं वाटेल. वाटत नाही. फार आठवण येते रे तिची. हे बोलायला मला तुझ्याशिवाय कोणी नाही, आणि तू समोर बसलास तरच मला ऐकू येतं. वर्षश्राद्धाची वाट बघू नकोस. ये.

एक राहिलं. त्या रविवारी आम्ही दाराशी आलो तेव्हा एका हाताने ती भिंत धरून उभी होती. दुसऱ्या हाताने तिने खुंटीवरून जुडगा काढून माझ्या हातात दिला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बघा, आज किल्ली शोधावी लागली नाही."

त्यानंतर ती काही बोलली नाही. रिक्षात नुसता माझा सदरा धरून होती. तेव्हा मला वाटलं, दुखण्यात काहीतरी बोलतेय. आज कळतं, मी बरं म्हणावं एवढीच तिची इच्छा होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी किल्ली फिरवत होतो.

बाबा